शून्य ग्रॅमची सॅक

लांब पल्ल्याच्या पायी प्रवासासाठी पाठीवरची हलकी सॅक निवडणे ही बाब वरकरणी किरकोळ वाटते. तशी ती नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागात उपप्रमुख आहे आणि खरेदी म्हणजे काय असते हे मला विचारा. माझ्या कारकिर्दीत आमच्या विभागाने एकही चुकीची वस्तू विकत घेतलेली नाही. कुठलीच वस्तू घेतलेली नाही, असे काही द्वेष्टे म्हणतात. पण ते दुरुस्ती विभागातले लोक आहेत आणि फुटलेल्या नळाला अजून सुतळी गुंडाळावी लागते म्हणून आमच्यावर खार खाऊन असतात.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाऊन थेट समुद्रावर उतरणारी एक वाट आहे. ती पुरी चालायला महिना-सव्वा महिना लागतो. लग्न ठरले तेव्हा आम्ही दोघांनी ती वाट मिळून चालायची असे ठरवले होते. मग नोकऱ्या आल्या, मुलगी आली, मुलीच्या परीक्षा आल्या, मुलगी परगावी गेली, आणि वाट होती तिथेच राहिली. यंदा मात्र हाडांच्या डॉक्टरांनी बायकोच्या खुब्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "चालायचं असेल तर याच मोसमात चालून घ्या. पुढच्या वर्षी खुबा बदलावाच लागणार. मग घर, दवाखाना आणि फार तर बाग."

ही स्वतः दातांची डॉक्टर आहे. दुखणारी गोष्ट फार दिवस तशीच ठेवायची नाही, हा त्या लोकांचा स्वभाव असतो. 'डॉक्टर चालायला गेल्या आहेत' अशी पाटी तिने त्याच संध्याकाळी रंगवून घेतली. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी गेल्याचे जाहीर करणे हे नियमात बसत नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिले.

"अहो, नियम राहू द्या," ती म्हणाली. "या मोसमात निघायचं. दोघांनी. तुम्ही बरोबर नसाल तर त्या वाटेत मला काही राम नाही."

मला भरून आले. खरेदी विभागातल्या माणसाला असे कोणी म्हणत नाही; घरी तर नाहीच, पण पुरवठादारही म्हणत नाहीत. मी तिथल्या तिथे प्रस्तावाला तत्त्वतः मान्यता दिली.

लगेच येणाऱ्या सुट्टीला आम्ही गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात गेलो. नमुना म्हणून मी माझी कॉलेजातली जाड कापडी सॅक बरोबर नेली होती. तिथल्या सडपातळ विक्रेत्याने ती दोन बोटांनी उचलली, छताला टांगलेल्या काट्याला अडकवली आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तीन किलो आठशे. आणि तीही रिकामी! काका, ही सॅक नाही, कपाट आहे."

दुकानातली दोन-चार तरुण मंडळी फिदीफिदी हसली. माझ्या सचोटीवर यापूर्वी लोकांनी शंका घेतली होती, माझ्या वेगावर घेतली होती. वजनावरून अपमान होण्याची मात्र ही पहिलीच वेळ. हलकी म्हणजे जगातली सर्वांत हलकी सॅक घ्यायची, असा मी तिथेच चंग बांधला.

तेवढ्या वेळात हिने एक हिरवी सॅक पाठीला लावली, विक्रेत्याकडून तीत वाळूच्या पिशव्या भरून घेतल्या, दुकानाच्या जिन्यावरून दोनदा चढ-उतार केली, कमरेचा पट्टा जरा आवळला आणि म्हणाली, "ही बसतेय मला. हीच द्या." एक दात भरायला याहून जास्त वेळ लागतो.

"अगं, पण तुलना?" मी विचारले.

"कशाशी?"

"बाकीच्या सॅकांशी."

"बाकीच्या सॅका मला घ्यायच्याच नाहीयेत."

मी विक्रेत्याला सांगितले की माझी खरेदी रीतसर होईल. तो म्हणाला, "अवश्य, काका. फक्त मोसम संपायच्या आत होऊ द्या."

रीतसर म्हणजे काय, हे सामान्य माणसाला कळत नाही म्हणून सांगतो. सॅक घेण्यापूर्वी ती किती मोठी हवी हे ठरवावे लागते. त्यासाठी तीत काय काय ठेवायचे हे ठरवावे लागते. काय काय ठेवायचे हे सॅक किती मोठी आहे यावर अवलंबून असते. या मुद्द्यावर आमच्या कार्यालयात एक पाण्याची टाकी आणि तिचा चौथरा एकमेकांची वाट पाहत आजही थांबलेले आहेत. घरी तसे होऊ नये म्हणून मी खरेदी समिती नेमली. अध्यक्ष मी, तांत्रिक सदस्य बायको, आणि पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून त्रयस्थ निरीक्षक सासरे, जे आमच्या शेजारच्याच इमारतीत राहतात.

पहिल्याच बैठकीत तांत्रिक सदस्य "मला आता वेळ नाही, पेशंट आहेत" असे काहीसे म्हणून उठून गेल्या आणि जाताना त्यांनी राजीनामा दिला. निरीक्षकांना पंख्याखाली झोप लागली. त्यांची हरकत नाही असे मी नोंदवले. समितीने एकमताने ठरवले की विषय गहन असल्यामुळे तज्ज्ञांचे मत घ्यावे.

तज्ज्ञ त्या विक्रेत्यानेच सुचवले. मी तिसऱ्यांदा नुसत्या चौकशीला गेलो तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्यासारख्यांचं एक मंडळ आहे. तिकडे जा ना." त्याच्या स्वरात मला आदर जाणवला.

भारमुक्त पदयात्री मंडळाची सभा एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये भरत असे. मधोमध टेबल, टेबलावर इस्त्री केलेले पांढरे कापड आणि त्यावर सोनाराकडे असतो तसा काचेच्या पेटीतला काटा. पंखा लावायला बंदी होती, कारण वाऱ्याने काटा हलतो. सगळे घामाघूम होऊन, पण अतिशय गंभीरपणे बसलेले. मंडळात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. प्रत्येकाची ओळख म्हणजे त्याच्या भरलेल्या सॅकचे वजन. "पाच किलो दोनशे आले का?" "आले, पण त्यांचं साडेपाच झालंय म्हणे." "अरेरे! इतका चांगला माणूस."

माझ्या शेजारी चार किलो नऊशे बसले होते. पेशाने शिक्षक. त्यांनी दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला होता, मग अर्धे केसही कापले होते, आणि आता वरचे दात एक दिवस, खालचे एक दिवस असे घासत होते. पलीकडे एक बँकेतले अधिकारी होते. ज्या भागात आपण हरवणार नाही अशी त्यांची खात्री होती तो भाग त्यांनी नकाशातून कात्रीने काढून टाकला होता. एका बाईंनी वाचायला घेतलेल्या कादंबरीची शेवटची पाने फाडली होती, कारण तिथपर्यंत आपले वाचन होत नाही हा त्यांचा अनुभव. मला त्यांचा हेवा वाटला. इतकी वर्षे मी कापायचे काम कार्यालयात केले, पण ते फक्त इतरांच्या मागण्यांवर.

मंडळाचे अध्यक्ष ग्रॅमदादा. देह भरभक्कम, दोन खुर्च्या जोडून बसायचे. पण त्यांची सॅक म्हणजे कांद्याचे साल. ती भिंतीवरच्या काचेच्या कपाटात असे आणि सभेच्या सुरुवातीला सगळे तिच्याकडे पाहून क्षणभर स्तब्ध उभे राहत.

"ही घेऊन आपण किती वाटा चाललात?" मी भक्तिभावाने विचारले.

चार किलो नऊशेंनी मला कोपर मारले.

"नवीन आहात," ग्रॅमदादा समजुतीने म्हणाले. "चाललं की सॅकला धूळ बसते. घाम लागतो. धुळीला वजन असतं, साहेब. मागे आपला एक सभासद अख्खी वाट चालून आला. परत आला तेव्हा सॅक चाळीस ग्रॅमनी वाढलेली. काढून टाकावं लागलं त्याला. माणूस चांगला होता, पण शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मला कार्यालयात आल्यासारखे वाटले. नळजोडणी दिली की गळती सुरू होते, म्हणून जोडणीच न देण्याचे आमचे धोरण याच पायावर उभे आहे.

सभा संपल्यावर मी ग्रॅमदादांना सोडायला खाली गेलो. बाहेर त्यांची मोठी गाडी उभी होती. मागच्या भागात गादी, बर्फाची पेटी, घडीची आरामखुर्ची, दोन उशा, गॅसची शेगडी आणि बिस्किटांचे खोके. चालक हे सगळे पुसून नीट लावत होता.

"दादा, हे?" माझ्या तोंडून निघून गेले.

"ते गाडीचं वजन आहे," ग्रॅमदादा आत बसत म्हणाले. गाडी त्या बाजूला कलली. "माझं नव्हे."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता. वजन कमी करायचे नसते. ते वर्ग करायचे असते.

सुरुवात मी तंबूपासून केली. तंबू एक आणि आम्ही दोघे, त्यामुळे ती संयुक्त मालमत्ता. आणि संयुक्त मालमत्ता एकाच ठिकाणी असावी हे मी हिला पटवून दिले. ही खिडकीत बसून वाटेवरच्या मुक्कामांचे अंतर मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "ठेवा माझ्यात. पण निघूया."

मग चूल आणि भांडे. स्वयंपाक तिलाच चांगला येतो, तेव्हा साधनेही तिच्याकडेच शोभतात. "ठेवा. निघूया." मग माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, औषधे वैद्यकीय व्यक्तीच्या ताब्यात असणे केव्हाही सुरक्षित. मग माझा स्वेटर, कारण तो कुठे आहे हे मला नाहीतरी तिलाच विचारावे लागते. रेनकोट, झोपायची पिशवी, हवेची उशी, चहाचा डबा, वाचायचा चष्मा, तंबूत घालायच्या सपाता. प्रत्येक वस्तूमागे माझ्याकडे सबळ कारण होते आणि तिच्याकडे तेच एक वाक्य. तिला निघायची इतकी घाई होती की ती कशालाही हो म्हणाली असती, आणि मोठे निर्णय मंजूर करून घ्यायला याहून चांगली वेळ नसते.

मंडळात माझी पत भराभर वाढत गेली. मी पाच किलो असताना लोक मला खुर्ची देऊ लागले. तीनवर आलो तेव्हा चार किलो नऊशेंनी माझ्याशी बोलणे सोडले. एक किलो झालो त्या दिवशी ग्रॅमदादांनी स्वतःच्या दोनपैकी एक खुर्ची मला देऊ केली. कसे केले, असे कोणी विचारले की मी नम्रपणे म्हणे, "काही नाही हो. गरजा कमी केल्या."

शेवटी उरला तो माझा, एव्हाना दांडा कापलेला, दात घासायचा ब्रश आणि मंडळाने चाचणीसाठी दिलेली तीनशे दहा ग्रॅमची सॅक. बायको दातांची डॉक्टर असताना मी ब्रश बाळगावा हे चमत्कारिकच होते. तो गेला. आता माझ्या सॅकमध्ये ठेवायला काहीही नव्हते. आमच्या विभागाचा सुवर्णनियम आहे की गरज संपली की खरेदी संपते. इतक्या महिन्यांच्या अभ्यासानंतर माझी निवड झाली होती. मी सॅक न घेण्याचे निवडले.

मंडळाच्या इतिहासात शून्य ग्रॅम कोणी गाठले नव्हते. रिकाम्या काट्यावर माझी सॅक तोलली गेली तेव्हा काही सभासदांना रडू आवरेना. काचेच्या कपाटातली ग्रॅमदादांची सॅक काढून माझी ठेवण्यात आली, म्हणजे कपाट रिकामे करण्यात आले. सभासद त्याच्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले.

त्याच सुमारास वाटेच्या व्यवस्थापन कार्यालयाने मंडळाकडे मदत मागितली होती. अवजड ओझी घेऊन लोक वाटेवर जातात, मध्येच बसकण मारतात आणि त्यांना उचलून खाली आणावे लागते. यावर नियम हवेत. हे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी मनापासून नियम लिहिले. मला येणारी ती एकच गोष्ट आहे. कोणतीही सॅक नऊ किलोंच्या वर असता कामा नये. लबाडी होऊ नये म्हणून सामान हातात, काखेत, डोक्यावर किंवा गाठोड्यात नेता येणार नाही. ते सॅकमध्येच हवे. वजन कमी करण्यासाठी फाटकाशी सामान टाकून जाता येणार नाही, कारण त्याने परिसर घाण होतो. कार्यालयाने ते एका शब्दाचाही फरक न करता मंजूर केले. खाली माझा हुद्दा ठळक अक्षरात छापला.

ही मात्र हल्ली संध्याकाळी सॅक लावून आमच्या इमारतीचे जिने चढण्याचा सराव करी आणि वर आली की भिंतीला धरून उभी राही.

"अहो," एकदा ती म्हणाली, "खुबा ठणकतोय. थोडं तुमच्याकडे घ्या ना."

"अगं, कशात घेऊ?" मी म्हणालो. मी खोटे बोलत नव्हतो. माझ्याकडे खरोखरच सॅक नव्हती.

ती माझ्याकडे बघत राहिली. इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटकडे असेच बघते. मग खाली बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि विषय संपला, असे मला वाटले.

निघायचा दिवस उजाडला. मोसमात वाटेवर सोडण्याचे शेवटचे दिवस असल्यामुळे फाटकाशी भली मोठी रांग होती. लाकडी चौकी, आडव्या दांड्याला टांगलेला काटा, गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी आणि मागे पत्र्याच्या फलकावर माझे नियम. मी पुढे झालो. पहारेकऱ्याने माझ्या पाठीकडे पाहिले, मग पाठीमागे पाहिले.

"सॅक कुठाय?"

"हीच," मी म्हणालो.

माझी ओळख पटताच त्याने कडक सलाम ठोकला. रांगेत कुजबुज झाली. लोक मान उंच करून मला पाहू लागले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रांगेत माझ्यामुळे खोळंबा न होता माझा मान झाला. मी फाटकाच्या आत गेलो आणि हिची वाट पाहत उभा राहिलो. समोर वाट पहिल्या वळणापर्यंत दिसत होती. उन्हात, दोन्ही बाजूंना उंच गवत.

हिची सॅक काट्याला लावायला दोघे लागले.

"चौदा किलो दोनशे," पहारेकरी म्हणाला. "ताई, पाच किलो दोनशे जास्त होतंय. नाही जाता येणार."

"कुणी ठरवलं हे?"

पहारेकऱ्याने फलकाकडे बोट दाखवले. हिने फलक वरपासून खालपर्यंत वाचला, खालचा हुद्दाही वाचला. मग फाटकाच्या दांड्यावरून माझ्याकडे पाहिले.

"अगं, नियम सगळ्यांना सारखा," मी हळू आवाजात म्हणालो. "मीच माझ्या बायकोला सवलत दिली तर लोक काय म्हणतील? इतकं काय त्यात! आपण पुढच्या मोसमात..."

आणि मी थांबलो. पुढच्या मोसमाबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आठवले. मला फार वाईट वाटले. नियमात त्याची तरतूद नव्हती.

हिने आरडाओरडा केला नाही. चौकीशेजारच्या बाकावर सॅक आडवी ठेवली, चेन उघडली आणि एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. एक झोपायची पिशवी.

"कुणाची?" पहारेकऱ्याने चौकशीच्या सवयीने विचारले.

"यांची."

स्वेटर. "यांचा." रेनकोट. "यांचा." हवेची उशी, चहाचा डबा, सपाता, गोळ्यांची पिशवी, चष्मा. "यांचं. हेही यांचंच." पुढे पुढे पहारेकरी विचारेनासा झाला, आणि रांगेतलेच लोक तिच्याआधी म्हणू लागले, "यांचं!" बाकावर ढीग वाढत गेला. इतके सामान माझे आहे याची मला स्वतःलाही कल्पना नव्हती. सर्वांत शेवटी दांडा कापलेला ब्रश आला.

"आणि तंबू?" पहारेकऱ्याने विचारले.

"तंबू माझा. एका बाजूची जागा रिकामी राहील, एवढंच."

सॅक पुन्हा टांगली. आठ किलो चारशे. हिने ती पाठीला लावली, कमरेचा पट्टा आवळला आणि दोन पावले चालून पाहिली. "अगंबाई, किती हलकी आहे ही!" ती स्वतःशीच म्हणाली. इतक्या महिन्यांत मी तिला इतके खूश पाहिले नव्हते.

फाटकाच्या आत आल्यावर मात्र ती थांबली. माझ्यासमोर उभी राहिली.

"चला ना," ती म्हणाली. "अजून काही बिघडलेलं नाही. तुमचं तुम्ही उचला आणि या."

मी धावत बाहेर गेलो आणि सगळा ढीग दोन्ही हातांनी कवळला. लगेच शिट्टी वाजली. हातात सामान नेता येत नाही. मग मी सगळे तिथेच टाकून नुसता आत येऊ लागलो. पुन्हा शिट्टी. फाटकाशी आपले सामान टाकून जाता येत नाही, आणि तो ढीग आता सर्वांसमक्ष माझा ठरला होता. पहारेकऱ्याचा काही दोष नव्हता. नियम पक्के होते, कुठूनही निसटायला फट नव्हती. एरवी मला त्यांचा अभिमान वाटला असता.

फाटकासमोर एक टपरी होती. टपरीवाला कधीचा हे पाहत होता. त्याने आतून एक तपकिरी सॅक काढून झटकली. "काका, ही न्या. मोसम संपला, एवढी एकच उरलीय. चांगली दणकट आहे."

"घ्या ती," ही फाटकातून ओरडली. "मी त्या वळणावर थांबते. घ्या आणि या!"

ती वळणावर जाऊन खरेच थांबली. एका दगडावर हात टेकून, खुब्याला आराम देत, माझ्याकडे तोंड करून. टपरीवाल्याने सॅक माझ्या हातात दिली. मी तिची शिवण पाहिली. पट्टे पाहिले. वजन किती विचारले. त्याला माहीत नव्हते. आतला कप्पा किती लिटरचा विचारले. "मावेल हो सगळं," तो म्हणाला. मी पैसे काढायला खिशात हात घातला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण तोंडातून सवयीने निघून गेले:

"एकाच सॅकमधून निवड कशी करणार? किमान तीन तरी हव्यात."

डोंगरात आवाज लांबवर जातो. वळणावरून ही थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही, रागाने पाहिले असते तर मी काही स्पष्टीकरण दिले असते. मग तिने सॅकचा पट्टा सारखा केला, वळली आणि चालू लागली. किंचित लंगडत होती, पण छान चालत होती. गवतातून हिरवी सॅक जरा वेळ दिसत राहिली. मग दिसेनाशी झाली.

मी बाकावर माझ्या सामानाशेजारी बसून हे लिहितो आहे. टपरीवाल्याने ती तपकिरी सॅक दुसऱ्याला विकली. रांगेतली माणसे माझ्याकडे पाहून अजून हसताहेत. हसू देत. पण इथून मला त्यांच्या पाठी नीट दिसतात. बरेचसे पुरुष हात हलवत मोकळे उभे आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे कोणीतरी वाकून उभे आहे. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची थोरली मुलगी.

आपणही वाचता वाचता हसला असालच. माझी हरकत नाही. फक्त मागच्या प्रवासात आपल्या गोळ्या, चार्जर आणि पाण्याची बाटली कोणाच्या पिशवीत होती, तेवढे सांगा. आठवत नसेल तर मागे वळून विचारा. आणि विचारून झाले की जरा बाजूला व्हा; त्यांची सॅक काट्याला लावायची आहे.